हिरव्या डब्यांना चार मार्क

मी बस स्टँडवर घोषणा करणारी बाई. म्हणजे होते, आता निवृत्त आहे. काचेच्या खोलीत माइकसमोर बसून मी नुसतं "लक्ष द्या" म्हटलं, की अख्खं स्टँड मान वर करायचं. लोक हातातला चहा अर्धा टाकून पळायचे. पेंगणारे खडबडून उठायचे आणि चुकीच्या बसकडे धावायचे. ड्रायव्हर तर मला वचकूनच असत, कारण उशीर कोणामुळे झाला हे मी माइकवरून नावानिशी सांगायचे. आणि आता गंमत ऐका. त्याच आवाजात मी घरात "जेवायला चला" अशी हाक मारली, तर एकही माणूस जागचा हलायचा नाही. "आलो", "आले", "पाच मिनिटं". माझ्या स्टँडवर पाच मिनिटांत बस गावाबाहेर पोचलेली असायची.

घरात आम्ही चौघं. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये माणसं कधीही अडकू शकतात, पण ती अडकतात नेमकी त्याच्या जेवणाच्या वेळी. सूनबाई बिस्किटांच्या कारखान्यात चव तपासण्याच्या विभागात आहे. तिच्या हाताखाली चाखणारी माणसं आहेत. ती दिवसभर बिस्किटं खातात आणि ही त्यांच्यावर नजर ठेवते. नात केस कापायला शिकते. ती एका जागी उभी राहत नाही म्हणून लहानपणापासून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. तिच्या खोलीत सरावासाठी आणलेलं एक रबरी मुंडकं आहे, खऱ्या केसांचं. त्या मुंडक्याशी ती जितकं बोलते तितकं माझ्याशी बोलत नाही, याचं मला वाईट वाटायचं. मुंडक्याला काय, ऐकण्याशिवाय दुसरं काम आहे?

पूर्वी सूनबाई सुट्टीच्या दिवशी मोठं पातेलं भरून काहीतरी करून ठेवायची. मग आठवडाभर ज्याला जसा वेळ मिळेल तसा त्यानं फ्रीज उघडायचा, वाढून घ्यायचं, गरम करायचं किंवा तसंच खायचं. मुलगा सिंकपाशी उभ्या उभ्या जेवायचा, बूटसुद्धा न काढता. भिंगरी ताट घेऊन खोलीत, मुंडक्यासमोर. सूनबाई कारखान्यातल्या कोणावर तरी फोनवर डाफरत. आणि मी टेबलाशी, चार खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर.

तुम्ही स्वतः स्वयंपाक का नाही करत, असं कोणी विचारील. केला होता की. माझ्या हाताला चव नाही, या एका गोष्टीवर आमच्या घरात आजवर कधी वाद झालेला नाही. माझा नवरा लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात म्हणाला होता, "तू माइकवरच शोभतेस." तो बिचारा गेला त्याला किती वर्षं झाली, पण त्या वाक्याची माफी मी अजून दिलेली नाही.

तर झालं असं, की कारखान्यात नवीन बिस्कीट निघायचं ठरलं आणि सूनबाईची सुट्टी गेली. सुट्टी गेली तसं पातेलंही गेलं. मग एका संध्याकाळी चौघंही एकदम फ्रीजपाशी आलो. आत अर्धा टोमॅटो आणि मोहरीच्या सॉसची बाटली. मुलानं बाटली हलवून पाहिली. कशासाठी पाहिली हे त्यालाच ठाऊक.

"बास झालं," सूनबाई म्हणाली. "आता तयार जेवण मागवायचं. रोजचं. घरपोच."

लगेच सगळ्यांचे फोन निघाले. आपल्या गावात इतके लोक दुसऱ्यांसाठी रांधायला टपून बसलेत याची मला कल्पनाच नव्हती. कोणी ताजं पाठवणार, कोणी गोठवलेलं, कोणी वजन करून, कोणी नुसतंच चिरून. प्रत्येक जाहिरातीवर लिहिलेलं, "कामात बुडालेल्या कुटुंबांसाठी". आणि फोटोत आई, बाप, दोन मुलं टेबलाभोवती बसून खदखदा हसतायत. मी म्हटलं, "यांना एवढा वेळ आहे तर घरी का नाही शिजवत?" कोणी हसलं नाही. मुलानं एक निवडलं, भिंगरीनं दुसरं, सूनबाईला दोन्ही पटेनात. वादावादी सुरू झाली. शेवटी सूनबाईनं टेबलावर हात आपटला.

"हे असं नाही ठरत. कारखान्यात ठरवतो तसं ठरवू. एकेकाचं जेवण मागवायचं, चाखायचं, मार्क द्यायचे."

नियम तिनं तिथेच सांगितले. चाचणी म्हणजे चौघांनीही एका टेबलाशी बसायचं. अन्न गरम असताना बसायचं. फोन टेबलावर नाही, खिशातही नाही, कारण चाखणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे असलं की जीभ खोटं बोलते. दहापैकी मार्क, आणि मार्क देताना कारण सांगायचं. जेवण पास कधी, तर चौघांनीही सात किंवा जास्त दिले तर. एकानं जरी कमी दिले तरी नापास, पुढचा बोलवा.

"एका माणसामुळे सगळं फेटाळायचं?" मुलगा म्हणाला.

"ज्याला आवडलं नाही तो आठवड्याभरात पुन्हा सिंकपाशी उभा राहून पाव खाणार," सूनबाई म्हणाली. "माझ्या चाखणाऱ्यांच्या पॅनलवर असंच असतं."

मी गप्प बसून ऐकत होते. त्या नियमाचं मोल मला त्या क्षणी कळलं नाही, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी कळलं.

पहिले आले हिरव्या डब्यांवाले. हेल्मेट घातलेली एक बाई स्कूटरवरून आली, हेल्मेट न काढताच "गरम आहे, सांभाळून" म्हणाली आणि चार हिरवे डबे ठेवून गेली. आत भाजलेले बटाटे, मटार घातलेला भात, घट्ट सूप आणि मऊ पाव. फोन बाहेरच्या खोलीत ठेवलेले. चौघं बसलो. घास घेतला आणि सगळे गप्प. अन्न चांगलं होतं म्हणून गप्प, आणि हातात फोन नाहीत तर बोलायचं काय हे कोणाला सुचत नव्हतं म्हणूनही गप्प.

मग मुलगा म्हणाला, "आज एक माणूस अडकला होता. हातात माशांची काचपेटी. पाण्यासकट."

"मग?" भिंगरी.

"मग काय, मी वरून ओरडतोय की घाबरू नका, आणि तो खालून ओरडतोय की मी नाही घाबरलो, पण मासे घाबरलेत. हवं असलं तर त्यांच्याशी बोला."

"तू बोललास?"

"बोललो ना. शेवटी माणूसच बोलेना, तर कोणाशी बोलणार?"

भिंगरीला हसता हसता ठसका लागला. सूनबाईनं तिच्या पाठीत थापट्या मारल्या आणि स्वतःच हसत सुटली. मी तिला हसताना किती दिवसांनी पाहत होते. मुलगा मासे कसे बघत होते ते तोंड करून दाखवत होता, लहानपणी करायचा अगदी तसंच. मी घास हातात धरून नुसती बघत बसले. मग पदरानं डोळे टिपले. म्हातारपणी डोळे भरायला काही लागत नाही म्हणतात, पण माझे उगीच भरत नाहीत. मी स्टँडवर रडणारी माणसं आयुष्यभर पाहिलीयत.

"चला, मार्क," सूनबाई म्हणाली. मुलानं आठ दिले. भिंगरीनं नऊ. सूनबाईनं आठ. आता माझ्याकडे तीन तोंडं वळली, आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सात म्हटलं, की हे जेवण पास. जेवण पास झालं, की उद्यापासून रोज चार डबे येणार, प्रत्येकाचा वेगळा. मुलगा आपला डबा सिंकपाशी नेणार. भिंगरी मुंडक्याकडे. आणि मी बसणार चार खुर्च्यांमध्ये.

"चार," मी म्हटलं.

"चार?"

"बटाट्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय."

सगळ्यांनी बटाटे हुंगले. मुलगा म्हणाला, "हो गं, जरासा येतो." या घरात वास कोणालाही सुचवला की येतो. हिरवे डबे नापास झाले. मी माझा बटाटा शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ला, कारण अन्न टाकलेलं मला खपत नाही.

दुसरे आले बर्फवाले. आठवडाभराचं जेवण विटांसारखं गोठवून आणून दिलं. वितळायला बाहेर काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण दुपारी घरात मीच. मी ते बरंच उशिरा काढलं. संध्याकाळी वरून वाफाळलेला भात आणि मधोमध बर्फाचा गोळा. मुलानं जोरात चावला आणि दाढ धरून बसला. दाढेला काही झालं नाही, नाहीतर मला टोचणी लागली असती. "यांना गोठवता येतं, वितळवता येत नाही," असं म्हणून मी तीन मार्क दिले.

तिसरे चिरून पाठवणारे. भाज्या चिरलेल्या, मसाले पुड्यांमध्ये, शिजवायचं आपण. मी म्हटलं, "म्हणजे न्हाव्यानं केस ओले करायचे आणि कापायला घरी पाठवून द्यायचं." यावर भिंगरी इतकी हसली, की तिनं ते मुंडक्यालाही सांगितलं. चौघं स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे राहिलो, कोणतं आधी टाकायचं यावर भांडलो, भाजी खाली लागली. मजा आली. पण सूनबाईनं स्वतःच दोन दिले. "शिजवायचं असतं तर शोधत कशाला बसलो असतो?" त्या संध्याकाळी मला हातही हलवावा लागला नाही.

मधे एकदा मुलाला यायला उशीर झाला. चौघं जमल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा नियम. भूक तर सगळ्यांना लागलेली. भिंगरीनं मुंडकं आणून त्याच्या खुर्चीत उशीवर ठेवलं, गळ्याभोवती त्याचा मफलर गुंडाळला आणि म्हणाली, "झाले चौघं." सूनबाई म्हणाली, "याला मार्क देता येत नाहीत." "बाबा तरी कुठे विचार करून देतो?" तेवढ्यात मुलगा आत आला आणि आपल्या खुर्चीत बसलेलं ते बघून दारातच थबकला. "मला काढून टाकलंत?" त्याचा आवाज इतका खराखुरा पडला होता, की सूनबाईनं उठून त्याच्या हातातली पिशवी घेतली. ती असं कधी करत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई मुलाच्या, सुनेच्या कष्टांवर पाणी फिरवतेय. म्हणा. मी कोणाच्या तोंडचा घास काढला नव्हता. रोज चांगलंचुंगलं जेवण येत होतं, आणि सगळे ते बसून, गप्पा मारत, पोट भरून खात होते. फक्त पास होत नव्हतं. आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप होत नव्हता. उलट मी दुपारी आरशासमोर बसून नवीन दोष शोधायचे. "चव तोंडात येते, पण राहत नाही." "रंग बघून भूक मरते." हे माझे बरे जमलेले होते.

घोळ झाला तो त्यानंतरच्या लोकांपाशी. एका नवराबायकोनं घरातून सुरू केलेलं काम होतं. मी दुपारी डब्याचं झाकण किलकिलं करून चव घेतली आणि चमचा चाटूनपुसून साफ केला. असं सूप मी जन्मात प्यायले नव्हते. याला दोष कुठून आणायचा? "पुठ्ठा" एकदा वापरून झाला होता. सगळे हात धुवायला गेले, तेवढ्यात मी मिठाचा चमचा भरला आणि सूप गरम करायला ठेवलेल्या भांड्यात उपडा केला. वळले तर दारात भिंगरी.

तिनं चमच्याकडे बघितलं, मग भांड्याकडे.

"आजी," ती हळूच म्हणाली, "का गं?"

मला थाप मारता आली असती. स्टँडवर "बस थोड्याच वेळात सुटेल" असं मी आयुष्यभर म्हणत आले. पण पोरीच्या तोंडाकडे बघून ते जमलं नाही. "हे पास झालं, की तुम्ही सगळे पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जाणार," मी म्हटलं. "मला एकटीला जेवायचा कंटाळा आलाय. खरं सांगते, भीतीच वाटते."

भिंगरीनं मिठाचा डबा माझ्या हातातून घेतला, फळीवर ठेवला, आणि म्हणाली, "दोन देते मी. तू तीन दे. सारखे दिले तर आईला संशय येईल." माझी नात हो.

मुलानं पहिला चमचा तोंडात घातला आणि थेट पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. सगळ्यांनी नाकं मुरडली. सूनबाईनं मात्र एकच चमचा घेतला, जिभेवर फिरवला, डोळे मिटले, उघडले. मग उठली आणि कपाटातून एक छोटी बाटली काढून तीत थोडं सूप भरलं. झाकण लावलं. बाटली पर्समध्ये टाकली.

"ते कशाला?" मी विचारलं.

"सवय," ती म्हणाली.

बिस्किटांच्या कारखान्यात मीठ मोजायचं यंत्र असतं हे मला माहीत होतं. भिंगरीलाही माहीत होतं. आम्ही दोघी त्या संध्याकाळी भांडी घासायला एकदम उठलो.

सूप नापास झाल्याचं कळवल्यावर दुसऱ्या दिवशी त्या नवराबायकोंपैकी बायकोचा फोन आला. मीच उचलला. बिचारीचा आवाज कापत होता. त्यांनी तेच सूप इतर घरी पाठवलं होतं आणि तिथून कौतुकच कौतुक येत होतं, मग आमच्याच घरी काय झालं? तिथे मात्र मला बोचलं. मी माझा स्टँडवरचा आवाज लावला आणि म्हटलं, "तुमच्या सूपमध्ये दोष नाही. आमच्याकडे एक म्हातारी आहे, ती फार खोडसाळ आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नका." ती खुदकन हसली. मला जरा बरं वाटलं.

सूनबाई काही बोलली नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. ती नेहमीसारखीच होती, उलट जास्तच गोड बोलत होती, त्यामुळे मला रात्री झोप लागेना. मग एका संध्याकाळी तिनं टेबलावर प्रत्येकासमोर दोन दोन वाट्या ठेवल्या. एक निळी, एक पांढरी. दोन्हींत भाजलेले बटाटे आणि मटारभात.

"आज दोन कंपन्या एकदम," ती म्हणाली. "वेळ वाचेल. आधी निळी, मग पांढरी."

मी निळीतलं खाल्लं. बरं होतं. आज दोन आहेत, एकीला जरा बरे मार्क द्यावे आणि दुसरीला झोपवावं, म्हणजे शंका येणार नाही, असा मी हिशेब केला. निळीला सहा दिले. पांढरीला तोंड वाकडं करून दोन. "हे तर कालचं आहे," मी म्हटलं. "तांदूळ कोणत्या जमान्यातला आहे कोण जाणे. निळीवाल्यांच्या नखाची सर नाही."

मुलानं दोन्हींना आठ दिले होते. भिंगरीनं दोन्हींना सहा. ती माझ्याकडे बघत होती आणि डोळ्यांनी काहीतरी सांगू पाहत होती, पण मी आता रंगात आले होते.

"झालं?" सूनबाईनं विचारलं. "आई, दोन्ही एकाच डब्यातलं आहे. हिरव्या डब्यांवाल्यांचं."

भिंगरीनं तोंडावर रुमाल धरला.

"कारखान्यात असं अधूनमधून करतो," सूनबाई म्हणाली. "एकच बिस्कीट दोनदा ठेवायचं. जो सारखे मार्क देतो त्याची जीभ शाबूत. जो देत नाही त्याला पॅनलवरून उतरवायचं."

माझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसलं नाही, पण कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. तेवढ्यात मुलगा खुर्ची मागे सारून उठला. "आई, तुला चव कळेनाशी झालीय का? कधीपासून? बोलायचं नाहीस? उद्याच डॉक्टरकडे जाऊ." त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. देवानं मला इतका साधा मुलगा दिला.

"वय झालं रे," मी म्हटलं, आणि बारीक आवाज काढला. "जीभच ती. शरीरासोबत थकायचीच."

सूनबाई माझ्याकडे बघत राहिली. ती आता मिठाचं बोलणार, बाटलीचं बोलणार, असं मला वाटलं. ती एवढंच म्हणाली, "आईंचे मार्क यापुढे धरायचे नाहीत. भिंगरीचेही मी जरा बाजूला ठेवलेत. हिरवे डबे पास. सोमवारपासून चालू."

मी रागानं म्हटलं, "करा चालू." आणि उठून माझ्या खोलीत गेले. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. पकडले गेले म्हणून नाही. पकडले जाण्याची लाज मला फारशी वाटत नाही. पण टेबल गेलं होतं. मासे गेले, मफलर गेला, ठसके गेले. मुलगा पुन्हा बूट घालून सिंकपाशी उभा राहणार, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाशी बोलणार.

सोमवारी हेल्मेटवाली बाई आली. "गरम आहे, सांभाळून," म्हणाली. चारही डब्यांवर आमची नावं चिकटवलेली. अशी सोय, की कोणालाही कोणासाठी थांबायची गरज पडू नये. मी तिघांचे डबे फ्रीजमध्ये लावले, एकावर एक. माझा घेतला, टेबलाशी बसले, झाकण काढलं. वाफ आली. वास इतका चांगला होता की मला आणखीच राग आला. मी चमचा भरला.

कुलपात किल्ली फिरली. सूनबाई. एवढ्या लवकर ती कधी येत नाही. मागोमाग भिंगरी, बगलेत मुंडकं, कारण त्या दिवशी तिची परीक्षा होती.

"आई, काय करताय?" सूनबाई दारातूनच ओरडली. "चमचा खाली ठेवा."

"माझा डबा आहे. माझं नाव आहे त्यावर."

"चौघं आल्याशिवाय चाचणी सुरू होत नाही."

"चाचणी?" मी म्हटलं. "ती संपली ना? पास केलंस ना तू?"

सूनबाईनं पर्स खुर्चीला अडकवली, फ्रीज उघडून डबे बाहेर काढायला सुरुवात केली, आणि ज्या आवाजात ती कारखान्यात नव्या माणसांशी बोलत असेल त्या आवाजात म्हणाली, "पास झालेलं बिस्कीट आम्ही सोडून देतो असं वाटलं तुम्हाला? रोज चाखतो. प्रत्येक घाणा. पास झालं की खरं काम सुरू होतं, आई. आज चांगलं आलं म्हणून उद्या येईलच असं नसतं. हे जोवर या घरात येतंय, तोवर पॅनल रोज बसणार."

मी चमचा खाली ठेवला. इतके दिवस मी पुठ्ठे हुंगत होते, बर्फ राखून ठेवत होते, मिठाचे चमचे उपडे करत होते. एकदा तरी तिला विचारायचं होतं, की पास झाल्यावर तुमच्याकडे काय करतात!

"मला तर उतरवलंयस पॅनलवरून," मी म्हटलं.

"मार्क धरणार नाही म्हटलं," ती म्हणाली. "बसू नका असं कोण म्हणालं? रोज बसायचं. दांडी चालणार नाही." मग डबे मांडता मांडता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणि पुन्हा मीठ टाकायचं झालं तर माझ्या वाटीत नको. माझं ब्लडप्रेशर आधीच चढं आहे."

भिंगरी मुंडक्यामागे तोंड लपवून हसत होती.

"तुझा बाबा कुठे राहिला?" सूनबाई तिला म्हणाली. "खाली गाडी लावतोय, आणि नक्की कोणाशी तरी गप्पा मारत बसला असणार. गार होईल सगळं. आई, बोलवा त्याला. तुमच्या पद्धतीनं."

मी उठले. खिडकी पूर्ण उघडली. पोटात श्वास भरला. "लक्ष द्या," मी म्हटलं, आणि समोरच्या इमारतीतल्या बाल्कन्यांमध्ये लोक बाहेर आले, खाली सायकलवरचा माणूस पाय टेकून थांबला. "लिफ्टवाल्यांनी ताबडतोब वर यावं. जेवण सुटण्याच्या तयारीत आहे. उशीर कोणामुळे झाला हे सगळ्यांना सांगण्यात येईल."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टची वाट न बघता धापा टाकत वर आला आणि दारात बूट काढून आत शिरला. फोन बाहेरच्या खोलीत गेले. चौघं बसलो. त्यानं खुर्ची ओढतानाच सुरू केलं, "आज काय झालं माहितीये..." आणि भिंगरीनं त्याला अडवलं, कारण तिला आधी परीक्षेचं सांगायचं होतं. दोघं एकदम बोलायला लागले.

बटाटे तसेच होते, पहिल्या दिवशीसारखे. शेवटी सूनबाईनं एकेकाला विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी दहा दिले. तिनं ते धरले नाहीत.